डबीची मागची बाजू

दिवाळी सरते, कोरडा गार वारा सुटतो आणि अहिल्यानगर जिल्ह्यात ओठ उलायला लागतात. नडगीवर नख ओढलं तर पांढरी रेघ उमटते, आंघोळीनंतर अंग ताणल्यासारखं होतं, अनवाणी वावरणाऱ्यांच्या टाचा फुटतात. अकोले तालुक्याचा घाटमाथा सोडला तर जवळपास सगळा जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. घाटघर-रतनवाडीला पाऊस कोसळतो, तर पाथर्डी-कर्जतकडे पाचशे-सहाशे मिलिमीटरवर वर्ष काढावं लागतं. राज्यातल्या सर्वांत कमी तापमानांच्या बातमीत थंडीभर नगरचं नाव येत राहतं, आणि थंडी ओसरली की फाल्गुन-चैत्रातल्या कोरड्या दुपारी तयारच असतात. नेमक्या याच दिवसांत दुकानं मॉइश्चरायझरच्या डब्यांनी भरतात. डबीच्या पुढच्या बाजूला बदाम, केशर, कोरफड, मध यांची चित्रं असतात आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटकांची यादी. माझं म्हणणं असं, की कोरड्या मुलखातल्या गिऱ्हाइकाने पुढची बाजू वाचूच नये. कातडीत पाणी टिकवण्याचं काम करणारे पदार्थ मोजके आहेत, जुने आहेत आणि बहुतांशी स्वस्त आहेत. किमतीत जो मोठा फरक दिसतो, तो बहुतेक वेळा दुसऱ्याच गोष्टींचा असतो.

आधी हे काम काय आहे ते पाहू. त्वचेचा सगळ्यांत वरचा थर मृत पेशींचा. हातापायांचे तळवे सोडले तर त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास, फार तर दुप्पट. या पेशींच्या मधल्या जागेत सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं भरलेली असतात, आणि पेशींच्या आत पाणी धरून ठेवणारे लहान रेणू असतात: अमिनो आम्लं, लॅक्टिक आम्लाचे क्षार, युरिया. हवा कोरडी झाली की आतलं पाणी या थरातून सतत उडत राहतं. साबण आणि कढत पाणी मधला मेद धुऊन नेतात, वय वाढेल तसा तो कमीही होतो. म्हणून मॉइश्चरायझरमधले घटक तीन प्रकारचे असतात. पाणी धरून ठेवणारे: ग्लिसरीन, युरिया, सॉर्बिटॉल, हायलुरोनिक आम्ल. पेशींमधल्या फटी भरून त्वचा मऊ करणारे: स्टिअरिक आम्ल, सिटिल अल्कोहोल, वनस्पती तेलं. आणि वरून झाकण घालणारे: पेट्रोलियम जेली, खनिज तेल, मेण, लॅनोलिन, डायमेथिकोन. संगमनेर-अकोल्याच्या टोमॅटोच्या वाफ्यांवर मल्चिंग पेपर अंथरतात तो पाणी देण्यासाठी नव्हे, ठिबकने दिलेलं पाणी उन्हाने उडू नये म्हणून. तिसऱ्या गटाचं काम नेमकं तेच, आणि कोरड्या हवेत ते सर्वांत महत्त्वाचं ठरतं.

या गटात पेट्रोलियम जेलीची बरोबरी करणारं अजून काही सापडलेलं नाही. अमेरिकेत रॉबर्ट चेसब्रो याने तेलविहिरींच्या दांड्यांना चिकटणारा मेणचट गाळ शुद्ध करून 1872 साली तिचं पेटंट घेतलं. त्वचाशास्त्राच्या पुस्तकांतले आकडे असे, की जेलीचा पुरेसा थर त्वचेतून उडणारं पाणी 98-99 टक्क्यांपर्यंत अडवू शकतो, तर इतर बहुतेक तेलं 20 ते 30 टक्क्यांवर थांबतात. दीडशे वर्षांच्या या पदार्थाची जाहिरात करून आज कुणाला मोठा नफा मिळायचा नाही, म्हणून त्याच्याबद्दल फारसं कुणी बोलतही नाही. उलट बोललं जातं ते असं: 'पेट्रोलचाच प्रकार तो, कातडीत मुरला तर कर्करोग होतो.' ही भीती अगदीच हवेतून आलेली नाही. कच्च्या, अर्धवट शुद्ध केलेल्या खनिज तेलात कर्करोगाशी जोडलेली संयुगं असतात, हे खरं. पण औषधी दर्जाच्या जेलीतून ती काढून टाकण्यासाठीच शुद्धीकरण केलेलं असतं, आणि जेलीचे मोठे रेणू वरच्या थराच्या खाली जवळपास उतरतच नाहीत. खरा आक्षेप वेगळा आहे: ती चिकट लागते, त्यावर धूळ बसते आणि तेलकट चेहऱ्याला मानवत नाही. तो मान्य करावा आणि जेली ओठ, टाचा, कोपरं आणि रात्रीची वेळ यांच्यासाठी ठेवावी. लॅनोलिन हाही उत्तम झाकण घालणारा पदार्थ. ते मेंढीच्या लोकरीवरचं मेण. धनगरांच्या दख्खनी मेंढ्या याच जिल्ह्यात चरतात, पण त्यांची राठ लोकर घोंगडीच्या कामाची. लॅनोलिन मुख्यतः मेरिनोसारख्या मऊ, मेणचट लोकरीतून निघतं, आणि काहींना त्याची अ‍ॅलर्जी असते.

पाणी धरणाऱ्या गटात ग्लिसरीन पहिलं. ते साबणाच्या कारखान्यातलं उपउत्पादन, म्हणून स्वस्त. हवेत भरपूर दमटपणा असेल तर ग्लिसरीन हवेतूनही पाणी ओढतं. रत्नागिरीच्या माणसाला त्याचा तसा उपयोग होतो. नगरच्या फाल्गुनात हवेकडे द्यायला काही नसतं. अशा वेळी निव्वळ ग्लिसरीन चोपडलं तर ते खालच्या थरातलं पाणी वर ओढतं आणि ते पाणी उडून जातं. म्हणून ते ओल्या अंगावर, पाणी मिसळून लावावं आणि त्यावर तेलाचं किंवा जेलीचं झाकण द्यावं. चांगल्या क्रीममध्ये हे दोन्ही एकत्र असतं; यादीत ग्लिसरीन आणि पेट्रोलॅटम (म्हणजे पेट्रोलियम जेली) किंवा डायमेथिकोन पहिल्या पाच-सहा नावांत दिसले तर क्रीम कामाचं आहे असं समजायला हरकत नाही. 'स्वस्त चालतं' याचा अर्थ मात्र 'कसलंही चालतं' असा नाही. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं ग्लिसरीन पोटात दिलं गेल्याने 14 रुग्ण दगावले, आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्या खरेदीतला कारभार उघडा केला. ते ग्लिसरीन पाजलेलं होतं, लावलेलं नव्हतं. तरी बाटलीवर 'आय. पी.', म्हणजे भारतीय औषधसंहितेचा दर्जा, लिहिला आहे का हे पाहण्याची सवय त्या घटनेपासून लागायला हवी होती.

युरियाचं तसंच. टाचांच्या क्रीमवर युरिया वाचून शेतकऱ्याला हसू येईल, पण रेणू खरोखर तोच आहे. दहा टक्क्यांपर्यंतचा युरिया पाणी धरतो. वीसच्या पुढे तो जाड, राठ कातडी मऊ करून सोडवू लागतो, म्हणून भेगांच्या मलमात त्याचं प्रमाण जास्त असतं. शेवगाव-पाथर्डी-जामखेडहून फडावर जाणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या हातापायांना असलं मलम केशराच्या कुठल्याही क्रीमपेक्षा जास्त उपयोगी आहे. चिरलेल्या, रक्त येणाऱ्या जागी ते झोंबतं, तिथे आधी साधी जेली लावावी. गोणीतला युरिया मात्र हाताला चोळू नये. त्यात दीड टक्क्यापर्यंत बाययुरेट ही अशुद्धी चालते आणि 2015 पासून त्यावर कडुनिंबाचा लेपही असतो. तो पिकासाठी केलेला आहे.

आता यादी वाचायची कशी? 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक मात्र शेवटी कुठल्याही क्रमाने लिहिता येतात. ही सवलत विक्रेत्याच्या सोयीची. पण गिऱ्हाइकालाही एक खूण आहे: फिनॉक्सिएथेनॉल हे परिरक्षक एक टक्क्याच्या वर वापरता येत नाही. त्याच्या नंतर जे जे नाव येतं, ते साधारणपणे एक टक्क्याच्या आत असतं. डबीच्या पुढच्या बाजूला ज्याचं चित्र आहे तो बदाम किंवा ते केशर या खुणेच्या खाली सापडलं, तर चित्राची किंमत आपण मोजतो आहोत हे कळतं. इथे घाई करू नये, कारण काही घटक थोड्या प्रमाणातच काम करतात. हायलुरोनिक आम्ल दोन टक्के घातलं तर क्रीमचा गोळा होईल, आणि सिरॅमाइडही अल्प प्रमाणात लागतात. इसब असलेल्या किंवा वारंवार भडकणाऱ्या त्वचेसाठी सिरॅमाइडच्या क्रीमला जास्त पैसे मोजण्यात काही अर्थ असू शकतो. निरोगी पण कोरड्या त्वचेला तेवढी गरज नसते. ज्याने नुकसान होऊ शकतं असा घटक या यादीत बहुधा सुवास हाच. क्रीमची अ‍ॅलर्जी येण्याची नेहमीची कारणं दोन, सुवास आणि परिरक्षक; पण परिरक्षकाशिवाय पाणीदार क्रीम टिकत नाही. आणि सुवास 'नैसर्गिक' असला म्हणून त्यात फरक पडत नाही.

हे सगळं ऐकल्यावर कुणी म्हणेल, मग डबी हवीच कशाला, घरात साय आहे, खोबरेल आहे, ग्लिसरीन-गुलाबपाणी-लिंबू आहे. यात खोबरेलाची बाजू भक्कम आहे. फिलिपिन्समध्ये झालेल्या आणि 2004 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कोरड्या त्वचेवर खोबरेल खनिज तेलाइतकंच उपयोगी ठरलं. पण सगळी तेलं सारखी नसतात. 2013 च्या एका ब्रिटिश अभ्यासात ऑलिव्ह तेलाने निरोगी माणसांच्याही त्वचेचा वरचा थर कमजोर केला, सूर्यफुलाने केला नाही. फरक होता लिनोलिक आम्लाचा. नगरच्या रब्बीत पिकणाऱ्या करडईच्या पारंपरिक वाणांच्या तेलात हे आम्ल सत्तर टक्क्यांच्या वर असतं, तरी बाळाला आयात ऑलिव्ह चोळण्याची हौस वाढते आहे! दिवाळीचं अभ्यंग नेमकं कोरड्या ऋतूच्या तोंडाशी येतं हे शहाणपणाचंच, पण नंतरच्या उटण्याने आणि साबणाने ते तेल निघून जातं. आंघोळीनंतर, अंग पूर्ण कोरडं करण्याआधी लावलेलं तेल जास्त टिकतं. सायीत मेद आहे, पण ती नासते आणि वास मारते. लिंबाचा रस फुटलेल्या कातडीला झोंबतो आणि उन्हात डाग पाडू शकतो, म्हणून मिश्रणातून लिंबू काढून टाकावं. आयुर्वेदातलं शतधौत घृत, म्हणजे तांब्याच्या भांड्यात पाण्याने शंभर वेळा धुतलेलं तूप, हे तर तूप आणि पाणी एकजीव केलेलं क्रीमच. फक्त त्यात परिरक्षक नसतं आणि पाणी असतं, तेव्हा ते थोडंच करावं आणि लवकर संपवावं. 'केमिकल नाही' असं लिहिलेल्या पाणीदार क्रीमला याच कारणासाठी भ्यावं. परिरक्षकाशिवाय त्यात जंतू वाढतात.

सगळ्यांत वजनदार आक्षेप शेवटी. महाग क्रीम हाताला छान लागतं, लवकर मुरतं, म्हणून माणूस ते रोज लावतो. स्वस्त जेली कपाटात पडून राहते. मग महागच बरं नाही का? यातलं अर्धं मी मान्य करतो. ब्रिटनमध्ये इसब असलेल्या 550 मुलांवर लोशन, क्रीम, जेल आणि मलम यांची तुलना झाली. तिचे निष्कर्ष 2022 मध्ये आले, आणि परिणामात चारही प्रकार सारखेच निघाले; नियमाने लावलं जाईल असा प्रकार निवडावा, असाच त्याचा अर्थ. पण सुखद लागणं हे किमतीवर ठरत नाही. ग्लिसरीन, डायमेथिकोन आणि सिटिल अल्कोहोल असलेली साधी लोशनं मध्यम किमतीतही मिळतात. तुलना करायची तर डबीच्या किमतीची नको. आता बहुतेक वेष्टनांवर एका ग्रॅमची किंवा मिलिलिटरची किंमत छापलेली असते, ती पाहावी. सुवासहीन पर्याय असेल तर तो घ्यावा. मधुमेह असलेल्यांनी टाचेच्या खोल भेगेवर घरगुती प्रयोग करू नयेत, सरळ डॉक्टरांकडे जावं.

एक मागणी मात्र सरकारकडे करायला हवी. घटकांच्या यादीतून 30 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या क्रीमला आणि 60 मिलिलिटरपेक्षा कमी द्रवाला सूट आहे. आठवडी बाजारात विकल्या जातात त्या याच लहान डब्या आणि पुड्या. म्हणजे ज्याला मोठी डबी परवडत नाही, त्याला आत काय आहे हे कळण्याचीही सोय नाही. जिथे यादी असते तिथेही ती इंग्रजीत असते. उलट, कीटकनाशकाच्या बाटलीबरोबर प्रादेशिक भाषेतलं माहितीपत्रक देणं कायद्याने सक्तीचं आहे. ही लहान डब्यांची सूट रद्द व्हावी आणि क्रीमवरचे घटक मराठीतही छापले जावेत.