मिसळ, मतभेद आणि मातृभूमी

देशप्रेम नेमकं कुणाचं? तुमच्या पक्षाचं, माझ्या पक्षाचं, की दोघांचं? एका फुटलेल्या ग्रुपमुळे हा प्रश्न पडला, आणि उत्तर शोधताना मी पोहोचले थेट १९६३ सालच्या नाशकात...

रविवारची सकाळ म्हणजे मिसळ, हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको. गंगापूर रोडच्या पुढे झाडाखाली मांडलेली टेबलं, तर्रीवाली मिसळ, सोबत पापड, आणि आमची गँग. अकरावीपासूनची, म्हणजे चांगली बारा वर्षांची. एक बँकेत, एक सातपूरच्या कंपनीत, एक पुण्यात आयटीत (पण शुक्रवारी रात्री न चुकता घरी!), आणि मी. 'डेडलाइन आहे यार' म्हणून ऐनवेळी कलटी मारणारी.

मे २०२५ मधल्या त्या रविवारी मात्र मी वेळेवर होते. एक खुर्ची रिकामी होती.

झालं असं होतं की, पहलगामच्या हल्ल्यानंतर आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज काही ना काही येत होतं. 'ऑपरेशन सिंदूर' झालं तेव्हा तर सगळ्यांचे डीपी तिरंगी. बँकवाल्याचाही. एके रात्री त्यानंच विचारलं, "इतके पर्यटक होते तिथे, मग बंदोबस्त का नव्हता?" झालं! आयटीवाला उसळला. ही वेळ आहे का असले प्रश्न विचारायची? हा म्हणाला, अंधभक्त. तो म्हणाला, गद्दार. आणि मग ती करड्या अक्षरांतली ओळ आली, बँकवाला ग्रुप सोडून गेल्याची.

मी काय केलं? 'जाऊ दे ना यार' टाकलं आणि झोपले. पत्रकार म्हणवते मी स्वतःला!

आता यातली गंमत बघा. ज्याला गद्दार म्हटलं गेलं, त्याच्या वडिलांनी ओझरच्या एचएएलमध्ये बत्तीस वर्षं नोकरी केली. देशाच्या लढाऊ विमानांना हात लावून काका रोज संध्याकाळी घरी यायचे. आम्ही सगळे त्यांच्या क्वार्टरच्या गच्चीवर वाढलो. तो शब्द टाइप करताना हे कुणालाच आठवलं नाही?

आजोबांना मत द्यायचंच नव्हतं

डोकं जाम झालं की मी पंचवटीत आजोबांकडे जाते. आजोबा सत्त्याऐंशी वर्षांचे. कान जरा कमी, पण मेमरी एकदम हार्ड डिस्क. ऐन तारुण्यात कट्टर समाजवादी, त्यामुळे आयुष्यभर सरकारच्या विरोधात. सरकार कुठलंही असो!

मी सगळं सांगितलं. ते हसले. म्हणाले, "अगं, मी ज्याच्याविरुद्ध घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या, तो माणूस नाशकातून बिनविरोध निवडून आला. आणि आम्ही गप्प घरी बसलो. माहितेय तुला?"

मला माहीत नव्हतं. तुम्हाला आहे?

तो माणूस म्हणजे यशवंतराव चव्हाण. १९५६ साली ते द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली होती. ज्यांना मुंबईसह महाराष्ट्र हवा होता, त्यांच्या दृष्टीनं यशवंतराव म्हणजे समोरची पार्टी. १९५७ च्या नोव्हेंबरात पंडित नेहरू प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीनं मोठी निदर्शनं केली होती. त्याच वर्षी नाशिकनं लोकसभेत कुणाला पाठवलं? काँग्रेसला नाही, तर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या दादासाहेब गायकवाडांना. बाबासाहेब आंबेडकरांचे सहकारी आणि काळाराम मंदिर सत्याग्रहातला खंदा माणूस! थोडक्यात, इथले विरोधक काही लेचेपेचे नव्हते.

मग आलं १९६२. ऑक्टोबरात चीननं हल्ला केला. आपली पार दाणादाण उडाली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावं लागलं आणि नेहरूंनी बोलावलं ते महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य आपण शाळेत भाषणात ठोकलेलं आहे ना, ते तेव्हाचं.

पण एक टेक्निकल लोचा होता. यशवंतराव संसदेचे सदस्य नव्हते. मंत्री राहायचं तर सहा महिन्यांत खासदार व्हावं लागतं. नाशिकची लोकसभेची जागा रिकामी होती. १९६३ साली पोटनिवडणूक लागली, यशवंतरावांचा अर्ज आला... आणि समोर कुणीच उभं राहिलं नाही.

"पहिलं मत मी '६२ ला दिलं होतं," आजोबा सांगत होते. "दुसऱ्यांदा संधी आली आणि मतदानच नाही! पण वाईट नाही वाटलं. माझ्या आईनं हातातल्या पाटल्या काढून संरक्षण निधीला दिल्या होत्या. तिनं पाटल्या दिल्या, आम्ही एक जागा दिली. हिशेब संपला."

मी विचारलं, "म्हणजे तुम्ही त्यांचे झालात?"

"छे! पक्ष कशाला बदलायचा? देश संकटात असताना संरक्षणमंत्र्याला गल्लीबोळात मतं मागत फिरायला लावायचं नाही, एवढंच. महागाईवरचे मोर्चे आम्ही नंतरही काढलेच की!"

त्याच वर्षी, दिल्लीत

आता एखादा म्हणेल, बघा, खरे देशभक्त संकटात असे गप्प बसतात. एक मिनिट. स्टोरीचा सेकंड हाफ बाकी आहे.

त्याच १९६३ मध्ये देशात इतर ठिकाणीही पोटनिवडणुका झाल्या. अमरोह्यातून आचार्य कृपलानी, फरुखाबादमधून राममनोहर लोहिया आणि राजकोटमधून मिनू मसानी, असे तीन दिग्गज विरोधक निवडून आले. तिथे कुणी जागा सोडली नाही, आणि त्यांना कुणी गद्दार ठरवलं नाही. ऑगस्टमध्ये कृपलानींनी नेहरू सरकारवर अविश्वास ठराव आणला. लोकसभेच्या इतिहासातला हा पहिला अविश्वास ठराव. ठरावाच्या बाजूनं ६२ मतं, विरोधात ३४७. सरकारला काडीचाही धोका नव्हता. पण चीनपुढे आपण का हरलो, हे सरकारला भर सभागृहात ऐकून घ्यावं लागलं.

त्याच्याही आधी, लढाई चालू असतानाच, तरुण खासदार अटलबिहारी वाजपेयींनी संसदेचं अधिवेशन बोलवा अशी मागणी केली होती. नेहरूंनी 'ही वेळ आहे का?' म्हणून टाळलं नाही. ८ नोव्हेंबर १९६२ ला संसद बसली. सैन्य सीमेवर लढत होतं आणि खासदार सभागृहात बोलत होते.

आणि आपले बिनविरोध खासदार? पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली होती. २ सप्टेंबर १९६३ ला यशवंतरावांनी लोकसभेत त्यावर निवेदन केलं. प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, हुकमाची साखळी, अधिकाऱ्यांची कुवत अशा मुद्द्यांवर ते बोलले. मूळ अहवाल मात्र त्यांनी खुला केला नाही, आणि पुढे कुठल्याच पक्षाच्या सरकारनं केला नाही. म्हणजे प्रश्न न आवडणं ही कुणा एका पक्षाची मक्तेदारी नाही, बरं का!

तर नाशकात जागा सोडणारे देशभक्त, आणि दिल्लीत जाब विचारणारेही देशभक्त. माझ्या डोक्यात जे दोन वेगळे कप्पे होते, ते १९६३ च्या लोकांनी आरामात एकत्र ठेवले होते.

एका शहरात किती देशप्रेमं?

आजोबांकडून निघाले तेव्हा संध्याकाळ झाली होती. घरी जायच्या ऐवजी गाडी अशीच फिरवली.

काळाराम मंदिर तर आजोबांच्या घराजवळच. २ मार्च १९३० ला इथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. त्यानंतर दहाच दिवसांनी गांधीजी दांडीयात्रेला निघाले. एकाच महिन्यात दोन सत्याग्रह. एक परक्या सरकारविरुद्ध, दुसरा आपल्याच माणसांविरुद्ध. इथला सत्याग्रह पुढे काही वर्षं चालला, तरी दार उघडलं नाही. १९३१ मध्ये बाबासाहेब गांधीजींना भेटले, तेव्हा आपल्याला मायभूमीच नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. आजच्या ग्रुपवर असं कुणी लिहिलं तर काय होईल, कल्पना करा. आणि याच माणसानं पुढे देशाची राज्यघटना घडवली.

तिथून पुढे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. आपण ज्याला अजून गोल्फ क्लब म्हणतो आणि जिथे सकाळी कानात इअरफोन घालून राउंड मारतो, तेच. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या वेळी कान्हेरेनं कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. वय जेमतेम अठरा. पुढच्या एप्रिलमध्ये कर्वे आणि देशपांडे या साथीदारांसह तो ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला. आणि देवळालीच्या बाजूला गेलात तर भगूर, सावरकरांचं जन्मगाव.

सावरकर, गांधी, आंबेडकर. या तिघांचं आपसात किती पटायचं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आजचे पक्ष यातला एकेक फोटो उचलतात आणि बाकीच्यांवर काट मारतात. शहर मात्र तसं करत नाही. नाशकात काळाराम, कान्हेरे मैदान आणि भगूर एकाच रिक्षावाल्याला सांगता येतं!

बाहेर एक, घरात अनेक

"ते जुने लोक वेगळे होते," असं म्हणून सुटता येत नाही. १९९४ मध्ये काश्मीरवरून पाकिस्ताननं जिनिव्हात मानवी हक्क आयोगापुढे ठराव आणला, तेव्हा पंतप्रधान नरसिंह रावांनी भारतीय शिष्टमंडळाचं नेतृत्व दिलं चक्क विरोधी पक्षनेते वाजपेयींना. सोबत काँग्रेसचे मंत्री सलमान खुर्शीद. पाकिस्तानला ठराव मागे घ्यावा लागला. परत येऊन वाजपेयी पुन्हा विरोधी बाकावरच बसले.

आणि आमचा ग्रुप फुटला त्याच मे महिन्यात काय झालं? भारताची बाजू मांडायला सात सर्वपक्षीय शिष्टमंडळं परदेशी गेली. एकाचं नेतृत्व विरोधी बाकांवरच्या सुप्रिया सुळेंकडे, एकाचं सत्ताधारी बाजूच्या श्रीकांत शिंदेंकडे. दोघंही महाराष्ट्राचे, राजकारणात समोरासमोर. मग जुलैत लोकसभेत 'ऑपरेशन सिंदूर'वर चर्चा झाली तेव्हा जोरदार खडाजंगी. पहलगामला सुरक्षा का कमी पडली, हा प्रश्न तिथेही विचारला गेला. आमच्या बँकवाल्याचा प्रश्न, अगदी तोच!

म्हणजे नेते मंडळी एकाच विमानानं जाऊन, परत येऊन भांडू शकतात. मोबाइलवर नातं तोडून बसलोय ते आपण. ज्यांना ना तिकीट मिळणार, ना मंत्रिपद.

आजोबांचे तीन फंडे

निघताना आजोबांनी जे सांगितलं, ते माझ्या शब्दांत. पटलं तर घ्या.

एक : देशासाठी तू स्वतःचं काय सोडलंस, ते मोज. दुसऱ्याला काय सोडायला लावलंस, ते नाही.

दोन : सरकार म्हणजे देश नाही, आणि विरोधी पक्ष म्हणजे शत्रुराष्ट्र नाही. दोघंही पाच वर्षांचे भाडेकरू. घर आपलं.

तीन : प्रश्न विचारणाऱ्याला आधी उत्तर दे. उत्तर नसेल तर 'माहीत नाही' म्हण. शिवी हे उत्तर नव्हे.

चार प्लेट

मी बँकवाल्याला फोन केला. आधी यशवंतरावांची स्टोरी सांगितली, मग त्या रात्री गप्प बसल्याबद्दल सॉरी म्हटलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाबांनी विचारलं, तुमची गँग येत नाही का गं हल्ली? काय सांगू?"

आयटीवाल्यालाही तीच स्टोरी सांगितली. तो वैतागला. "प्रश्नाच्या टायमिंगबद्दल मला अजूनही पटत नाही. पण तो शब्द चुकला." मी म्हटलं, हे मला नको सांगू.

दोन रविवारांनी चार प्लेट मिसळ आली. पहिली दहा मिनिटं सगळे फक्त पापड मोडत होते. मग आयटीवाल्यानं विचारलं, "काका कसे आहेत?" बँकवाला म्हणाला, "बरे आहेत. मिग-२१ रिटायर होणार म्हणून उदास आहेत." ओझरचा तो कारखाना आला १९६४ मध्ये, संरक्षणमंत्री अर्थातच यशवंतराव. सप्टेंबर २०२५ मध्ये चंदीगडला मिग-२१ नं शेवटचं उड्डाण केलं, तेव्हा आम्ही चौघं काकांच्या शेजारी टीव्हीसमोर बसलो होतो. काका काही बोलले नाहीत. फक्त चष्मा पुसला.

बँकवाला अजून ग्रुपवर परत आलेला नाही. येणार पण नाही म्हणतो. जे काय भांडायचं ते समोर बसून, मिसळीवर. गेल्या रविवारी दोघं पुन्हा जुंपले होते, महापालिकेवरून. आवाज इतका चढला की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले.

मी शांतपणे एक्स्ट्रा तर्री मागवली.