तेरावा आणि चौदावा बाइट

एका केबलच्या टोकाला एकच संगणक. तरी त्याच्या काही फ्रेम्स स्विचमध्ये शिरताच एका नेटवर्कात जातात, काही दुसऱ्याच नेटवर्कात. आणि संगणकाला त्याचा पत्ताही नसतो! प्रोटोकॉलवर आधारलेल्या व्हीलॅनची, म्हणजे एकाच स्विचमधल्या आभासी नेटवर्कांची, ही किमया.

इथरनेट फ्रेमचे पहिले सहा बाइट म्हणजे जिथे जायचे तो मॅक पत्ता, पुढचे सहा पाठवणाऱ्याचा. नंतरच्या दोन बाइटांत आतला मजकूर कोणत्या प्रोटोकॉलचा ते लिहिलेले असते: ०८०० म्हणजे आयपीव्ही४, ८६डीडी म्हणजे आयपीव्ही६. स्विच तेवढेच पाहून व्हीलॅन ठरवतो. गिगाबिट पोर्टवर ६४ बाइटांच्या फ्रेम्स सलग आल्या, तर सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार येतात. एकीच्या वाट्याला जेमतेम ६७२ नॅनोसेकंद! एवढ्या वेगात एकही न चुकवता निवाडा होतो, याचे मला अजून नवल वाटते.

त्याहून देखणी गोष्ट अशी की हेच दोन बाइट काही फ्रेम्समध्ये मजकुराची लांबी सांगतात. आकडा १५०० पर्यंत असेल तर ती लांबी, १५३६ किंवा जास्त असेल तर प्रोटोकॉल. दोन पिढ्यांच्या फ्रेम्स एकाच तारेवर सुखाने नांदतात त्या यामुळे. स्विचला प्रोटोकॉलबरोबर फ्रेमचा प्रकारही सांगावा लागतो, तो म्हणूनच.

या पद्धतीचे मानक, आयईईई ८०२.१व्ही, २००१ साली आले. नव्वदच्या दशकात एकाच कार्यालयात नॉव्हेलचा आयपीएक्स, अॅपलचा अॅपलटॉक आणि आयपी असे तिघेही असत, आणि एकाचा ब्रॉडकास्ट सगळ्यांच्या कानी जाई. आयपीएक्स आणि अॅपलटॉक मागे पडले. आज आयपीव्ही६ वेगळ्या राउटरकडे न्यायचे असेल, तर हीच युक्ती कामी येते.

मांडणी छोटी आहे. समजा, व्हीलॅन १० आणि २० तयार केले. ८६डीडीचा प्रोटोकॉल गट करून तो पोर्टवर व्हीलॅन २० ला जोडायचा, आणि पोर्टला दोन्ही व्हीलॅनचे टॅगविरहित, म्हणजे फ्रेमवर व्हीलॅनचा क्रमांक न चिकटवणारे, सदस्य करायचे. कोणत्याच गटात न बसणारी फ्रेम पोर्टच्या मूळ व्हीलॅनमध्ये, म्हणजे इथे १० मध्ये, जाते. उलट आयपीव्ही४ लाच वेगळे काढायचे असेल, तर ०८०० सोबत ०८०६, म्हणजे एआरपी, त्याच व्हीलॅनला जोडायलाच हवा. तो मागे राहिला तर आयपीव्ही४ ची वाट मोकळी असूनही शेजारचा संगणक सापडत नाही, कारण त्याचा मॅक पत्ता विचारणारी हाक भलत्याच व्हीलॅनमध्ये गेलेली असते.