समुद्राचे अभ्यासक शाळेच्या वर्गांत

पृथ्वीच्या पृष्ठभागाचे शंभर भाग कल्पिले तर त्यांतील सुमारें एकाहत्तर भाग समुद्रानें व्यापलेले आहेत, हें वाक्य आपल्या घरांतील प्रत्येक मूल केव्हां ना केव्हां पाठ करितें. पाठ केलें कीं गुण मिळतात व गुण मिळाले कीं आईबाप संतुष्ट होतात. परंतु हें मोजलें कोणीं, कशानें मोजलें आणि अजून काय मोजावयाचें राहिलें आहे, हा प्रश्न मुलाच्या मनांत सहसा येत नाहीं. आला तरी तो विचारावयाचा कोणास? शिक्षकास पुस्तक संपवावयाचें असतें. आम्हीं स्वतः तीस-पस्तीस वर्षें खडू झिजविला असल्यामुळें ह्या घाईची आम्हांस पुरती ओळख आहे, आणि तिच्याबद्दल कोणा शिक्षकबंधूस दोष देण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. छापलेलें ज्ञान हें वाढलेल्या पानासारखें असतें. भाजी कोणत्या मळ्यांतून आली, चूल कोणीं पेटविली, काय करपलें व काय पुन्हां करावें लागलें, हें पानावर बसणारास दिसत नाहीं. मुलांस एकदां तरी स्वयंपाकघरांत नेऊन बसवावें असा एक प्रयत्न अमेरिकेंत कांहीं वर्षें पद्धतशीरपणें झाला, व त्यांत समुद्रशास्त्राच्या विद्यार्थ्यांचाही भाग होता. त्याची हकीकत वाचकांस सादर करीत आहों.

तेथील नॅशनल सायन्स फाउंडेशन ह्या सरकारी संस्थेनें १९९९ सालीं एक योजना काढली. ‘जी-के-ट्वेल्व्ह’ असें तिचें कांहींसें सांकेतिक नांव होतें. पदवीधर आणि बालवर्गापासून बारावीपर्यंतची शाळा ह्या दोहोंची सांगड, एवढाच त्याचा अर्थ. विद्यापीठांत डॉक्टरेटसाठीं संशोधन करणाऱ्या तरुणतरुणींस शिष्यवृत्ति द्यावयाची, आणि त्यांनीं आठवड्याचे पंधरा तासपर्यंत शाळेच्या कामास द्यावयाचे. त्यांपैकीं सुमारें दहा तास प्रत्यक्ष शाळेंत व उरलेले तयारींत. पुढें पुढें ही शिष्यवृत्ति वर्षास ३०,००० डॉलर इतकी होती. ह्या तरुणानें शिक्षकाची जागा घ्यावयाची नसे. वर्ग शिक्षकाचाच राही. वर्ग कसा सांभाळावा हें तरुणानें त्याजकडून शिकावें, आणि आज शास्त्र कोठपर्यंत आलें आहे हें शिक्षकानें तरुणाकडून जाणून घ्यावें, अशी ही देवाणघेवाण होती.

ह्यांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, तो पाहुणा एका दिवसाचा नव्हता. आमच्या शाळेंतही अधूनमधून विद्वान् पाहुणे येत, तासभर बोलत, हार घेत व जात. मुलांस तो हार तेवढा लक्षांत राही. येथें तोच तरुण आठवड्यामागून आठवडे, सबंध वर्षभर, त्याच वर्गांत येई. प्रश्नोपनिषदांत पिप्पलाद ऋषि आपल्याकडे आलेल्या सहा जिज्ञासूंस एकदम उत्तरें देत नाहीं. एक वर्ष जवळ राहा, मग विचारा, आणि आम्हांस माहीत असेल तर सांगूं, असें म्हणतो. वर्षभराचा सहवास आणि ‘माहीत असेल तर’ ही अट, ह्या दोन्ही गोष्टी आम्हांस ह्या अमेरिकन योजनेंत सांपडल्या, म्हणून तिच्याविषयीं आमचें कुतूहल वाढलें.

कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोंकास सान डिएगो शहर आहे. त्याच्या ला हॉया नांवाच्या भागांत, अगदीं समुद्राला लागून, १९०३ सालीं स्थापन झालेली स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्था आहे. तिचा पाण्यांत दूरवर गेलेला एक धक्का आहे, आणि त्या धक्क्याच्या टोंकाशीं समुद्राचें तापमान १९१६ सालापासून रोजच्या रोज नोंदलें जात आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेलें हें नित्यकर्म पाहून आम्हांस आपल्याकडील त्रिकाळ संध्येची आठवण झाली. नेम मोडावयाचा नाहीं, हें दोहोंकडे सारखेंच. ह्याच संस्थेनें वरील योजनेच्या साहाय्यानें ‘स्क्रिप्स क्लासरूम कनेक्शन’ नांवाचा उपक्रम २००९ च्या सुमारास सुरू केला, व तिचे संशोधक विद्यार्थी सान डिएगोच्या सार्वजनिक शाळांतील वर्गांत जाऊं लागले.

हे तरुण वर्गांत नेतात तरी काय, असें वाचक विचारतील. एक उदाहरण जरा विस्तारानें सांगतों, कारण तें घरींही समजून घेण्याजोगें आहे. ब्रोमोथायमॉल ब्ल्यू नांवाचें एक निळें द्रव्य असतें. तें घातलेल्या पाण्यांत नळीनें आपला उच्छ्वास फुंकीत राहिलें कीं पाण्याचा निळा रंग हिरवट होत होत पिवळा होतो. श्वासांतील कर्बद्विप्राणिद वायु, ज्यास आतां कार्बन डायॉक्साइड असेंच सर्व म्हणतात, तो पाण्यांत विरघळून सौम्य आम्ल उत्पन्न करितो, म्हणून हा रंगबदल. प्रयोग जुना आहे व पुष्कळ शाळांतून होतो. बहुतेक ठिकाणीं तो येथेंच संपतो. टाळ्या होतात व घंटा वाजते.

परंतु समुद्राचा अभ्यासक वर्गांत असला तर येथून पुढें खरी गोष्ट चालू होते. ह्याच स्क्रिप्स संस्थेचे चार्लस कीलिंग ह्यांनीं १९५८ सालीं हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर हवेंतील हा वायु मोजण्यास आरंभ केला, तेव्हां हवेच्या दहा लक्ष भागांत तो सुमारें ३१५ भाग होता. २०१३ सालीं त्याच ठिकाणच्या मोजणींत ४०० चा आंकडा प्रथम दिसला, आणि आतां तो ४२० च्या वर गेला आहे. मनुष्याच्या उद्योगांतून जो कार्बन डायॉक्साइड हवेंत जातो, त्याचा सुमारें चौथा हिस्सा समुद्र पिऊन टाकतो. म्हणजे मुलानें पेल्यांत जें केलें, तेंच आपण सर्व मिळून समुद्रांत करीत आहों. रसायनशास्त्रांत आम्लता मोजण्याचा ‘पीएच्’ म्हणून एक आंकडा आहे. समुद्राच्या वरच्या थराचा तो आंकडा यंत्रयुगापूर्वीं सुमारें ८·२ होता, तो आतां ८·१ च्या आसपास आला आहे.

एवढेंच ना, असें कोणताही चुणचुणीत विद्यार्थी म्हणेल, व त्यानें म्हणावेंच. एक दशांशाचा फरक! परंतु ह्या मापाची पायरी दसपटीची असते. त्यामुळें दिसावयास इवल्याशा ह्या फरकांत आम्लता उत्पन्न करणाऱ्या हायड्रोजनच्या आयनांची पंचवीस ते तीस टक्के वाढ लपलेली आहे. लॉगरिदमचीं कोष्टकें पाठ करून वैतागलेल्या मुलास आपल्या गणिताचा उपयोग येथें अकस्मात् भेटतो.

आपल्या घरांत लिंबाच्या रसांत कवडी टाकल्यास ती झिजते, हें वडीलधाऱ्या मंडळींस माहीत आहे. वर्गांत शिंपला व्हिनेगारमध्यें टाकून तेंच दाखवितात, बुडबुडे येतात. मात्र येथें सावध अभ्यासक मुलांस थांबवितो. समुद्र कांहीं लिंबूपाणी होणार नाहीं. तो अजून अल्कधर्मीच आहे व दीर्घकाळ तसाच राहील. मग भीति कसली? तर शिंपला, पोवळें व कालव ज्या पदार्थापासून आपलें कवच बांधितात, तो कार्बोनेट पाण्यांत दुर्मिळ होतो. कवच बांधण्यास त्या जिवांस अधिक श्रम पडतात, आणि अगदीं लहान पिल्लांस ते झेपत नाहींत. अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यावर कालवांची पैदास करणाऱ्या एका केंद्रांत २००७ च्या सुमारास पिल्लें लाखांनीं मरूं लागलीं, आणि शोधाअंतीं तेथें खोल समुद्रांतून वर येणारें अधिक आम्लधर्मी पाणी हें त्याचें कारण ठरलें. पाणी आंत घेण्यापूर्वीं मोजून व सुधारून घेऊं लागल्यावर धंदा सांवरला. व्हिनेगारचा प्रयोग दाखवून मुलांस घाबरविणें सोपें आहे; त्या प्रयोगाची मर्यादा सांगणें कठीण आहे, आणि तें सांगण्यास ज्याचे हात त्या कामांत भिजलेले आहेत असा मनुष्य लागतो.

अशा मनुष्यास प्रश्न विचारले म्हणजे अर्ध्या प्रश्नांवर तो म्हणतो, ‘हें अजून कोणास ठाऊक नाहीं, मी तेंच शोधीत आहें.’ आम्हां शिक्षकांच्या तोंडून हें वाक्य मोठ्या कष्टानें बाहेर पडतें. आमच्या धंद्यांत ‘ठाऊक नाहीं’ म्हणजे मानहानि. संशोधकाच्या धंद्यांत तोच कामाचा पहिला दिवस. ज्या मुलानें हें वाक्य एका जाणत्या माणसाच्या तोंडून, कांहीं एक संकोच न बाळगतां उच्चारलेलें ऐकलें, त्यास आपल्याकरितां जगांत अजून कांहीं काम शिल्लक आहे असें वाटूं लागतें.

आतां दुसरी बाजू. ज्या प्राध्यापकांच्या हाताखालीं हे तरुण संशोधन करीत, त्यांच्यापैकीं अनेकांस शाळेंत जाणारे हे तास डोळ्यांत सलत असल्यास नवल नाहीं. आठवड्याचे पंधरा तास म्हणजे थोडे नव्हेत; तितक्या वेळांत प्रयोगशाळेंतील कितीतरी काम झालें असतें. अखेर २०११ च्या फेब्रुवारींत पुढील वर्षाचें जें अंदाजपत्रक मांडण्यांत आलें, त्यांत ही योजना बंद करण्याचें सुचविण्यांत आलें. अशा रचनेमुळें तरुणांस सखोल संशोधनाचा अनुभव मिळण्यास मर्यादा पडते, असा त्या कारणाचा मथितार्थ होता. नव्या देणग्या थांबल्या, व पूर्वीं मंजूर झालेलीं कामें संपतील तशी योजना विझत गेली.

गंमत अशी कीं, त्याच वर्षाच्या ऑगस्ट महिन्यांत ‘सायन्स’ ह्या प्रसिद्ध साप्ताहिकांत डेव्हिड फेल्डन व त्यांचे सहकारी ह्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. तीन विद्यापीठांतील विज्ञान, गणित व यंत्रशास्त्र ह्या शाखांचे ९५ संशोधक विद्यार्थी त्यांनीं घेतले. कांहीं केवळ संशोधन करीत. कांहीं संशोधनाबरोबर शिकवीतही असत. वर्षाच्या आरंभीं प्रत्येकानें आपल्या संशोधनाचा आराखडा लिहून दिला, व वर्षाअखेर तोच सुधारून पुन्हां दिला. दोन्ही आराखडे तपासतां असें दिसलें कीं, कसोटीस लावतां येईल असें अनुमान मांडणें आणि त्यासाठीं योग्य प्रयोग रचणें, ह्या दोन गोष्टींत शिकविणाऱ्यांची प्रगति केवळ संशोधन करणाऱ्यांपेक्षां अधिक झाली होती. हे विद्यार्थी समुद्रशास्त्राचेच होते असें नाहीं, आणि ९५ ही कांहीं फार मोठी संख्या नव्हे. तरीही शिकविण्यांत गेलेला वेळ संशोधनांतून वजा करावयाचा, हा जो सरळ हिशेब मांडला जात होता, तो ह्या निबंधानें डळमळीत केला हें खास.

आम्हांस तर ह्यांत आश्चर्य वाटलें नाहीं. रघुवंशाचा एखादा सर्ग आम्हांस खरोखर समजला तो पंतोजींपुढें बसून नव्हे, तर पंचवीस पोरें पुढें बसवून. विद्वानांच्या सभेंत परिभाषेची ढाल पुढें करून निभावतां येतें. चौदा वर्षांच्या पोरापुढें ती ढाल चालत नाहीं. ‘पण तुम्ही हें मोजतां कशाला?’ असें तें विचारतें, आणि ह्याचें उत्तर दोन वाक्यांत देतां येत नसेल तर मोजणारानेंच घरीं जाऊन विचार करावा हें बरें. सरकारी पैशाचा हिशेब ठेवणारांचा मार्ग वेगळा असतो हें आम्ही जाणतों, आणि तीस हजार डॉलर शाळेच्या शिक्षकांवरच कां खर्चूं नयेत, असा आक्षेपही कोणी घेतल्यास तो अगदींच पोकळ म्हणतां येणार नाहीं. परंतु चालता झरा बुजविण्यापूर्वीं त्याचें पाणी कोणकोणत्या शेतांस जातें हें तरी नीट पाहावयास हवें होतें.

योजना गेली, पण हौस गेली नाहीं. २०१७ सालीं कनेटिकट विद्यापीठांत माकुळांवर संशोधन करणाऱ्या सॅरा मॅकअनल्टी ह्या विद्यार्थिनीनें, त्या वेळीं प्रचारांत असलेल्या स्काइप ह्या दृक्‌श्राव्य दूरभाषणाच्या साधनानें, शाळेचे वर्ग व शास्त्रज्ञ ह्यांची गांठ घालून देण्यास आरंभ केला. तिच्या अभ्यासाचा विषय मोठा मौजेचा आहे. हवाई बेटांजवळ अंगठ्याएवढें एक माकूळ असतें. तें दिवसां वाळूंत पुरून घेतें व रात्रीं शिकारीस निघतें. त्याच्या पोटाकडील एका इंद्रियांत प्रकाश देणारे जीवाणु राहतात. त्यांच्या उजेडामुळें वरच्या चांदण्यांत त्याची सांवली खालीं पडत नाहीं, आणि खालच्या शत्रूस तें दिसत नाहीं. रोज पहांटे तें त्यांतील बहुतेक जीवाणु बाहेर टाकून देतें. उरलेले दिवसभरांत वाढून रात्रीस पुन्हां तयार होतात. अशी गोष्ट सांगणारा पडद्यावर आला तर कोणता वर्ग डुलक्या घेईल? तथापि हा एका तासाचा सहवास, वर्षाचा नव्हे. तेवढा फरक आम्ही विसरूं शकत नाहीं.

ह्या हकीकतीचा आपल्या घराशींही एक धागा आहे. समुद्राच्या पोटांतील उष्णता व खारटपणा मोजण्यासाठीं ‘आर्गो’ नांवाचीं तरंगतीं यंत्रें जगभर सोडलेलीं आहेत. ह्या कामांत स्क्रिप्स संस्था आरंभापासून पुढें आहे. आज अशीं सुमारें चार हजार यंत्रें पाण्यांत आहेत. एक यंत्र हजार मीटर खोलीवर वाहत राहतें, दर दहा दिवसांनीं दोन हजार मीटरपर्यंत उतरून मोजीत मोजीत वर येतें, आणि उपग्रहाकडे आपला हिशेब पाठवून पुन्हां बुडी मारितें. अरबी समुद्रांतही अशीं यंत्रें आहेत. आपल्या देशाच्या वतीनें हैद्राबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था ह्या कामांत भाग घेते. मोजलेले आंकडे कोणासही विनामूल्य पाहतां येतात. गोव्यांत दोना पावल येथें १९६६ सालीं स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहेच. रत्नागिरी-मालवणच्या मुलास आपल्या दारापुढच्या समुद्राच्या पोटांत काय चाललें आहे हें पाहण्यास आतां जहाजाची गरज नाहीं. घरांतील एखाद्या वडील भावानें शेजारीं बसून आलेख समजावून दिला म्हणजे पुरे.

दक्षिण ध्रुवाभोंवतालच्या समुद्रासाठीं अमेरिकेंत २०१४ सालीं ‘सॉकॉम’ नांवाचें संशोधन सुरू झालें. त्यांत स्क्रिप्सचे शास्त्रज्ञही सहभागी आहेत, आणि त्यांनीं शाळेच्या वर्गांस एक एक यंत्र दत्तक देण्याची पद्धत पाडली. मुलांनीं त्यास नांव ठेवावयाचें. जहाजावरील मंडळी तें नांव यंत्राच्या नळकांड्यावर लिहून मग त्यास समुद्रांत सोडतात. मुलें नकाशावर त्याचा मार्ग पाहत राहतात. हिंवाळ्यांत वर बर्फ धरलें कीं यंत्रास डोकें वर काढतां येत नाहीं. मग पुष्कळ महिने त्याचा कांहींच निरोप येत नाहीं. तें बर्फाखालीं आपलें मोजण्याचें काम चालूच ठेवतें, आंकडे सांठवून ठेवतें, आणि वसंतांत बर्फ वितळलें म्हणजे वर येऊन सगळे एकदम पाठवून देतें.