दांडा ‘पार्क’वर, गाडी मात्र मोकळी

जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरचा दांडा एके दिवशी अगदी सैल फिरतो, पण गाडी जागची हलत नाही. गिअरबॉक्स गेला असे समजून लगेच घाबरू नका. बऱ्याचदा दोष असतो तो बुशिंग नावाच्या एका इवल्याशा तुकड्याचा.

दांड्याची हालचाल गिअरबॉक्सपर्यंत पोहोचवते एक केबल. सायकलच्या ब्रेकची तार नुसती ओढते. ही केबल ढकलतेही. तिच्या टोकाला प्लास्टिकचे किंवा रबराचे बुशिंग असते. ते गिअरबॉक्सच्या तरफेवरील गोल खुंटीवर घट्ट बसते. उष्णता आणि दमटपणा यांनी ते हळूहळू ठिसूळ होते, तुटते आणि केबल निसटते.

खरा धोका पुढेच आहे. ‘पार्क’मध्ये गिअरबॉक्समधला एक खटका दातेरी चाकात अडकून गाडी रोखतो. केबल निसटलेली असेल, तर दांडा ‘पी’वर जातो, किल्लीही निघते, पण खटका बसलेलाच नसतो. उतारावर गाडी घरंगळू शकते! याच दोषापायी फोर्डने २०२२ साली अमेरिकेत सुमारे २९ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या.

म्हणून उतरण्यापूर्वी हँडब्रेक लावाच. अमेरिकेत असाल तर गाडीचा १७ अंक-अक्षरांचा ‘व्हिन’ एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. रिकॉल निघाला तर दुरुस्ती फुकट होते. नसेल, तर मेकॅनिकला आधी केबलचे टोक तपासायला सांगा. अनेक गाड्यांत नुसते बुशिंग बदलून भागते.