औषधीतील अदृश्य विष

औषधी वनस्पती कोठून आणावी आणि कोठून आणू नये, याचा विचार सुश्रुतसंहितेत एक स्वतंत्र अध्याय देऊन केलेला आहे. स्मशानाची जागा, वारुळाची जागा, खाचखळग्यांची व खडकाळ जमीन तेथे वर्ज्य सांगितली आहे. चांगल्या जमिनीत उगवलेली वनस्पतीसुद्धा किडीने, विषाने, अग्नीने किंवा उन्हावाऱ्याने बाधलेली नसावी, असे म्हटले आहे. या बाधांमध्ये वाटेचाही उल्लेख आहे. त्या काळी वाटेवर गाड्यांच्या धुळीपलीकडे फारसे काही नसे. तरीही प्राचीन वैद्याने वाटेवरची वनस्पती नाकारली, आणि आजच्या रसायनशाळेतील तज्ज्ञालाही तो नियम खोडावासा वाटणार नाही.

याचे कारण वनस्पतीच्या मुळात आहे. जमिनीतील पाण्याबरोबर जे येईल ते सारेच मूळ आत घेते, असे नाही. मुळाच्या पेशींच्या आवरणात निरनिराळ्या द्रव्यांसाठी जणू निरनिराळी दारे असतात. जस्त आणि लोह यांची वनस्पतीला गरज असते, म्हणून त्यांच्यासाठी दारे आहेत. स्फुरदासाठी आणखी वेगळी आहेत. परंतु कॅडमियम नावाचा विषारी धातू गुणधर्माने जस्ताच्या इतका जवळचा आहे की, तो जस्ताच्याच दाराने आत शिरतो. सोमलातील आर्सेनिक हे स्फुरदाचे सोंग घेऊन येते. द्वारपाल फसतो आणि विष पाहुण्यासारखे आत जाते. शिशाची रीत थोडी निराळी आहे. ते आत शिरले तरी बहुतांशी मुळातच अडकून राहते. पानाफुलांपर्यंत त्यातील थोडेच पोहोचते. म्हणून अश्वगंधा, शतावरी, वेखंड, हळद अशा ज्या वनस्पतींचे मूळ किंवा जमिनीतील खोड औषधात वापरतात, त्यांची जमीन विशेष पारखून घ्यावी लागते.

शिसे, पारा, कॅडमियम आणि आर्सेनिक यांना एकत्रपणे ‘जड धातू’ म्हणतात. रसायनशास्त्र आर्सेनिकाला पुरता धातू मानीत नाही. पण विषाच्या पंक्तीत त्याचे पान याच तिघांबरोबर मांडले जाते. कारखान्यांचे सांडपाणी, जुन्या खाणींचा गाळ, काही स्फुरदयुक्त खते, अशा अनेक वाटांनी ही द्रव्ये शेतात येतात. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले; तथापि वाहनांच्या धुरातून पूर्वी रस्त्याकडेला पडलेले शिसे मातीतून सहजासहजी निघून जात नाही.

नीरब्राह्मीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. ही वनस्पती ओलाव्याची जागा शोधते. ओढ्याच्या काठी ती जशी पसरते, तशीच सांडपाण्याच्या नाल्याकाठीही पसरते, आणि दोन्ही ठिकाणी तिची लहान मांसल पाने सारखीच टवटवीत दिसतात. कॅडमियम मिसळलेल्या पाण्यात ती वाढविली असता तो धातू ती आपल्या अंगात साठविते, असे प्रयोगांत आढळून आले आहे. म्हणूनच दूषित पाणी शुद्ध करण्याच्या कामी तिचा उपयोग करावा, असे काही शास्त्रज्ञ सुचवितात. नाल्याला उपकारक असा हा गुण रोग्याला मात्र घातक ठरतो. कारण जी बुद्धिवर्धक म्हणून मुलाला द्यावयाची, तीच नाल्यातील विष घेऊन घरात येते.

हे विष डोळ्यांना दिसत नाही. वनस्पती धुतल्याने वरची धूळ जाते, आतील धातू जात नाही. उकळल्याने जंतू मरतात. धातू हे मूलद्रव्य असल्यामुळे त्याचा नाश होत नाही. काढा गाळून घेतला तर धातूचा काही भाग चोथ्यात राहतो. चूर्णात मात्र सारेच पोटात जाते. यासाठी भारतात औषधी वनस्पतींना मर्यादा घालून दिलेल्या आहेत. दहा लाख भागांत शिसे १० भाग, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम अवघे ०.३ भाग, याहून अधिक असू नये. म्हणजे हजार किलो चूर्णात कॅडमियम एक तृतीयांश ग्रॅमही चालत नाही. परदेशी जाणाऱ्या वनौषधींची अशी तपासणी १ जानेवारी २००६ पासून सक्तीची झाली. पारा, शिसे इत्यादींची भस्मे घालून केलेल्या औषधांत हे धातू बुद्धिपुरस्सर घातलेले असतात. तो वाद वेगळा आहे, आणि त्याची गल्लत येथे करू नये.

मातीतून येणारे विष बहुधा थोडे असते. माणसाच्या हाताने मिसळलेल्या विषाला मात्र काही सीमा नसते. बांगलादेशच्या ग्रामीण भागातील गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिशाचे प्रमाण पुष्कळ अधिक असल्याचे संशोधकांना आढळले. आसपास शिशाचा मोठा कारखाना नव्हता. मग हे शिसे आले कोठून? प्रथम कीटकनाशकांचा संशय आला, डबे जोडण्याच्या डाखाचाही आला. शेवटी स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि ढाका येथील अतिसार रोग संशोधन केंद्र यांच्या संशोधकांनी शिशाचा माग काढला. निरनिराळ्या खाणींतील शिशात त्याच्या प्रकारांचे प्रमाण वेगवेगळे असते. बैलाच्या खुरांना लागलेल्या मातीवरून तो कोणत्या शिवारातून आला हे जाणता शेतकरी ओळखतो, तसेच या प्रमाणावरून शिशाचे मूळ ओळखता येते. स्त्रियांच्या रक्तातील शिशाची खूण जुळली ती हळदीशी.

हळदीत शिसे जमिनीतून आलेले नव्हते. हळकुंडे शिजवून वाळविल्यावर त्यांची साल घासून त्यांना झिलई देतात. त्या वेळी त्यांवर ‘पिउरी’ नावाची पिवळी पूड टाकली जात असे. ही पूड म्हणजे शिसे आणि क्रोमियम यांचा क्षार. मूळचा हा रंगकामाचा रंग. १९८० नंतरच्या दशकात मोठा पूर येऊन हळद भिजली आणि फिकी पडली, तेव्हा ती खपावी म्हणून ही युक्ती निघाली, असे सांगतात. पूर ओसरला, युक्ती राहिली. दोष केवळ व्यापाऱ्याचा म्हणावा, तर जर्द पिवळे हळकुंड हाच उत्तम माल असे मानून फिकी हळद बाजूला सारणारे गिऱ्हाईकही त्यात भागीदार होते. हा प्रकार त्या एका देशापुरता नव्हता. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पाटणा, कराची आणि पेशावर येथील काही हळदीतही शिशाचे प्रमाण फार मोठे आढळले.

बांगलादेशात २०१९ साली ही गोष्ट उघड होताच सरकारने वृत्तपत्रांतून इशारे दिले, ढाक्याच्या घाऊक बाजारात छापा घातला आणि दोषी व्यापाऱ्यांना दंड केला. शिसे जागच्या जागी ओळखणारे हातातील यंत्र अधिकाऱ्यांजवळ होते, त्यामुळे नाकबूल करण्यास वाव उरला नाही. त्या वर्षी बाजारातील हळदीच्या १०० नमुन्यांपैकी ४७ नमुन्यांत शिसे सापडत होते. २०२१ साली एकातही सापडले नाही. हळदीच्या गिरण्यांतील कामगारांच्या रक्तातील शिसेही सुमारे ३० टक्क्यांनी उतरले.

रक्तातील शिसे असे लवकर कमी होते. परंतु शरीर शिशाला चुना समजून हाडांतही साठवून ठेवते, आणि तेथे ते कित्येक दशके राहते. स्त्री गरोदर असताना गर्भासाठी हाडांतील चुना सुटू लागतो, त्याबरोबर हे शिसेही सुटते आणि बालकाच्या घडत्या मेंदूपर्यंत जाऊन पोहोचते. ज्या मुलींनी लहानपणी ती जर्द पिवळी हळद खाल्ली, त्यांच्या हाडांत ते अजून आहे.