प्रादेशिक परिषद (स्थानिक शासनसंस्थांची)

एका सलग प्रदेशातील नगरपालिका, काउंट्या व तत्सम स्थानिक शासनसंस्थांनी समाईक प्रश्नांवर विचारविनिमय व नियोजन करण्यासाठी स्वेच्छेने स्थापन केलेली संघटना. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तिचा विशेष प्रसार झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील वस्ती मूळ शहरांच्या सीमा ओलांडून उपनगरांत पसरली. सांडपाणी, धूर व वाहतूक यांना नगरसीमेचे बंधन नसते. परंतु कर बसविण्याचा व जमिनीचा वापर ठरविण्याचा अधिकार प्रत्येक नगराकडे स्वतंत्रच राहिला. नगरांचे एकत्रीकरण मतदारांना सहसा रुचत नसे, म्हणून हा मधला मार्ग निघाला. डिट्रॉइट परिसरातील काउंट्यांनी १९५४ मध्ये नेमलेली समिती ही या प्रकारची पहिली संस्था मानतात.

सॅन फ्रॅन्सिस्को उपसागराभोवतीची ‘असोसिएशन ऑफ बे एरिया गव्हर्न्मेंट्स’ (स्थापना १९६१) हे या संस्थेचे बोलके उदाहरण होय. तिच्या उगमाशी सहकार्याच्या इच्छेइतकीच भीतीही होती. तेथील बंदरे, पूल व विमानतळ एका प्रादेशिक प्राधिकरणाकडे सोपवावेत, अशी योजना कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळापुढे आली, तेव्हा आपले अधिकार जातील या धास्तीने स्थानिक संस्था एकत्र आल्या. या प्रदेशात ९ काउंट्या व १०१ शहरे आहेत. महासभेत शहरांची व काउंट्यांची मते वेगवेगळी मोजतात आणि ठरावास दोन्ही गटांत बहुमत लागते. काही हजार वस्तीच्या गावाचे मत सुमारे दहा लाख वस्तीच्या सॅन होजेच्या मताइतकेच असते. परिषदेला कर बसविता येत नाही की कायदा करता येत नाही. सदस्यांची वर्गणी व अनुदाने यांवर तिचा खर्च चालतो.

अशा दुबळ्या संस्थांना बळ मिळाले ते संघशासनाच्या पैशामुळे. १९६५ च्या गृहनिर्माण कायद्याने त्यांना नियोजनासाठी अनुदान मिळू लागले. महानगर परिसरातील अनेक प्रकारच्या अनुदानांचे अर्ज प्रदेशव्यापी संस्थेच्या अभिप्रायासह पाठवावेत, असे १९६६ च्या कायद्याने ठरले. १९६९ च्या ‘ए–९५’ या परिपत्रकाने ही पद्धत विस्तारली. अभिप्राय बंधनकारक नव्हता, तथापि शेजाऱ्यांचे मत डावलून अर्ज करणे अडचणीचे झाले. परिषदांची संख्या झपाट्याने वाढली. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या १९८२ च्या आदेशाने ही पद्धत रद्द झाली आणि अनेक परिषदांचे महत्त्व ओसरले.

जेथे निर्णय कटू असतो, तेथे समानांची परिषद कचरते. उपसागरातील भराव रोखण्यासाठी राज्याला १९६५ मध्ये व वाहतूक नियोजनासाठी १९७० मध्ये वेगळे आयोग नेमावे लागले. यांपैकी वाहतूक आयोगाच्या व परिषदेच्या कर्मचारीवर्गाचे २०१७ मध्ये एकत्रीकरण झाले. सर्वांत तीव्र वाद घरांविषयीचा आहे. राज्याने ठरविलेली प्रदेशाची गृहसंख्या परिषद शहरांत वाटून देते आणि उपनगरांना आपला वाटा सहसा जड वाटतो. मरिन काउंटीतील कोर्टे मादेरा या छोट्या नगराने याच कारणावरून २०१२ मध्ये परिषदेतून बाहेर पडण्याचे ठरविले. सदस्यत्व ऐच्छिक असल्याने तसे करता आले. पण गृहसंख्येची जबाबदारी राज्याच्या कायद्याने लादलेली होती. त्यामुळे नगराचा वाटा कायम राहिला आणि तो ठरविणाऱ्या सभेतील त्याचे मत तेवढे गेले.