डेपोशेजारचा सोमवार

पहाटे साडेपाच. शहराचा कचरा आणणारा पहिला कॉम्पॅक्टर गावाच्या वळणावर गिअर बदलतो आणि कुत्री भुंकायला लागतात. कचरा डेपो आमच्या शिवेला लागून आहे. देखरेखीसाठी आम्ही चौघं पाळीपाळीनं गच्चीवर वही घेऊन बसतो. आज माझी पाळी. वहीत रकाने चारच: वेळ, वारं, वास, धूर. ‘कायम घाण वास येतो’ अशा अर्जांचं काय होतं ते आम्हाला ठाऊक आहे. पण ‘पहाटे ५.५०, वारं पश्चिमेचं, जळक्या प्लास्टिकचा वास, पाऊण तास’ असं लिहून दिल्यावर पाहणीला माणूस आला होता.

सात. आक्कांची विहीर डेपोच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी. “मास्तर, पोहरा तुम्हीच टाका. मला आता त्या पाण्याकडं बघवत नाही,” त्या म्हणतात. पोहरा उन्हात धरला की कडेनं इंद्रधनुषी तवंग फिरतो. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. म्हैस हुंगते आणि तोंड फिरवते. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेन बुडवायचं, आकडा लिहायचा, मग डेपोच्या वरच्या अंगाच्या विहिरीवर जाऊन तेच करायचं. खालचा आकडा आजही वरच्याच्या दुपटीपुढे आहे.

शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी केल्यामुळे एक गोष्ट गावातल्या पोरांना सारखी बजावतो. नुसत्या टीडीएसवर भांडायला जाऊ नका. आपल्या काळ्या खडकातलं पाणी मुळातच जड असतं, समोरचा साहेब तेवढ्यावर तुम्हाला वाटेला लावेल. कचऱ्यातून झिरपणारं लिचेट पकडायचं तर क्लोराइड, अमोनिया, सीओडी प्रयोगशाळेतून तपासून घ्यायचे आणि वरच्या-खालच्या दोन्ही विहिरींचे नमुने एकाच दिवशी भरायचे. तुलनेला वरची विहीर नसेल तर खालच्या आकड्याला कुणी विचारत नाही.

दहा. डेपोचं फाटक. माहिती अधिकार म्हटला की लोकांना झेरॉक्स आठवते. पण २००५ च्या त्याच कायद्यात कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क दिलेला आहे. रीतसर अर्ज करून मिळवलेलं पाहणीचं पत्र खिशात असलं की फाटक उघडायला वेळ लागतो, पण उघडतं. २०१६ च्या घनकचरा नियमांनी भरावभूमीवर टाकलेला कचरा दिवसाअखेर तरी किमान १० सेंटिमीटर मातीनं किंवा राडारोड्यानं झाकायला आणि पावसाळ्याआधी ४० ते ६५ सेंटिमीटर मातीचा थर द्यायला सांगितलं होतं. जून उजाडलाय. खुणा केलेली सळई आम्ही बरोबरच आणलीय. खुपसण्याआधीच मुकादम म्हणतो, “माती आज येणार आहे.” ती केव्हाची ‘आज’ येतेय. उघड्या ढिगावर पाऊस पडला की पाणी कचऱ्यातून मुरत खाली उतरतं आणि आक्कांच्या विहिरीकडं निघतं. फोटो काढले, सळई बाजूला धरून, म्हणजे नंतर मापावरून वाद नको.

रात्री कुठल्या गाड्या कुठं रिकाम्या झाल्या हे खरं कचरा वेचणाऱ्या बायकांना माहीत असतं. त्यांची नावं मात्र आम्ही वहीत कधीच घालत नाही. उद्या फाटकावर त्यांनाच अडवतील.

दुपारी भाकरी, मग शहराची एसटी.

तीन ते पाच. पालिकेचं कार्यालय. आजचं खरं काम हेच. दर सोमवारी या दोन तासांत स्थानिक स्वराज्य संस्थांनी नागरिकांना फायली पाहू द्याव्यात, असा राज्याचा २०१८ चा शासन निर्णय आहे. वह्या समोर आल्या की मी आधी वजनकाट्याची मागतो. आत आलेले टन एका बाजूला. प्रक्रिया प्रकल्पात गेलेले, सिमेंट कारखान्यांना जळणासाठी पाठवलेले आणि भरावात टाकलेले दुसऱ्या बाजूला. ओल्या कचऱ्याचं खत होताना पाणी उडून बरंच वजन घटतं, ती सूट द्यायची. त्यानंतरही मेळ बसला नाही तर उरलेला कचरा कुठंतरी उघड्यावर पडलाय. आज भूजलाची फाइलही निघाली. उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर अशा वेगवेगळ्या ऋतूंत तपासणी व्हायला हवी. पावसाळ्याच्या जागी उन्हाळ्याच्याच अहवालाची दुसरी प्रत लावलेली, तारीख तीच, सहीसुद्धा तीच. कारकून बिचारा नवीन. “नजरचुकीनं लागली असेल,” म्हणाला. असेलही. आम्ही पानांचे क्रमांक टिपून साक्षांकित प्रती मागितल्या आणि अर्जाच्या स्थळप्रतीवर पोच घेतली.

सात. पारावर पोरं तापलेली. “काका, उद्यापासून गाड्याच अडवू.” उरुळी देवाची आणि फुरसुंगीचं नाव निघतंच. एप्रिल २०१७ मध्ये तिथल्या डेपोला आग लागल्यावर गावकऱ्यांनी तीन आठवडे पुण्याच्या गाड्या येऊ दिल्या नव्हत्या आणि शहरात कचऱ्याचे ढीग साचले होते. त्याच वर्षी ही गावं महापालिकेच्या हद्दीत घेतली गेली होती. उरुळीकरांना नावं ठेवायची माझी छाती नाही. गाड्या थांबल्याशिवाय शहराला आपल्या कचऱ्याची आठवण होत नाही, हे मलाही दिसतं. पण आंदोलन आश्वासनावर मिटतं आणि आश्वासन पाळलं का हे पाहायला गावातली माणसंच लागतात. तेव्हा अडवायच्या असतील तर अडवा, मात्र मागणी ‘डेपो हटवा’ एवढीच नको. काट्याच्या नोंदी रोज फाटकावर लावा, पाण्याचे नमुने गावासमोर भरा, पावसाआधी माती टाका, हेही लेखी घ्या. यावर पोरांचं माझ्याशी पटलं नाही. बैठक नऊला उठली.

तुमच्या गावाशेजारी डेपो असेल तर येत्या सोमवारी तीनला कार्यालयात जा, ओळखपत्र घेऊन. एकट्यानं जाऊ नका. आणि पहिली वही काट्याचीच मागा.